बाहुल्या जमवणारे शंकर

दिवाळी जवळ आली, की अंबरनाथ, बदलापूर आणि त्यांच्यामधल्या चिखलोलीसारख्या गावांत मुले मातीचे किल्ले करू लागतात. दगडविटा रचायच्या, त्यांवर जुने पोते टाकायचे, वरून चिखल लिंपायचा आणि त्यात अळीव पेरायचे. किल्ला हिरवा झाला, की बाजारातून मातीची चित्रे येतात. सर्वांत वर सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज. खाली पायऱ्यांवर भाले घेतलेले मावळे. पायथ्याशी भाजीवाली, गवळण, डोक्यावर हंडा घेतलेली बाई. तुमच्या शेजारच्या मित्राच्या अंगणात तुम्हीही हा किल्ला पाहिला असेल. कदाचित चिखल कालवायला हातही लावला असेल.

ही मातीची माणसे लहान असतात, पण ती मुलांना बरेच काही सांगतात. मावळ्याच्या डोक्यावर पगडी कशी होती, कमरेचा शेला कसा बांधलेला होता, हे मूल आधी चित्रावर पाहते आणि नंतर इतिहासाच्या पुस्तकात वाचते. पुस्तक वाचताना त्याला तो मावळा आठवतो. मोठेपणी किल्ले करणे सुटते, पण त्या बाहुल्यांची आठवण सुटत नाही.

बाहुली आणि पुस्तक यांचे हे नाते ज्यांनी चांगले ओळखले होते, अशा एका माणसाची ही हकिकत आहे. त्यांचे पूर्ण नाव केशव शंकर पिळ्ळै. सारा देश त्यांना ‘शंकर’ याच नावाने ओळखत असे. त्यांचा धंदा बाहुल्यांचा नव्हता. ते व्यंगचित्रकार होते, आणि तेही असे, की मोठमोठे पुढारी सकाळी वर्तमानपत्र उघडताना जरा भीतच असत.

शंकर यांचा जन्म ३१ जुलै १९०२ रोजी केरळातील कायंकुलम या गावी झाला. तेव्हा हा भाग त्रावणकोर संस्थानात होता. ते अगदी लहान असतानाच त्यांचे वडील वारले. शंकर आजोबांच्या घरी वाढले. जुने मोठे घर, भोवती नारळीची झाडे, पाण्याने भरलेली तळी, देवळाच्या उत्सवात येणारे हत्ती, आणि नातवाच्या खोड्या पोटात घालणारे आजोबा. वडिलांचे छत्र नव्हते, पण त्या घराने मुलाला पोरके वाटू दिले नाही. साठी गाठल्यावर शंकर यांनी मुलांसाठी या दिवसांवर एक पुस्तक लिहिले आणि त्यातली चित्रेही स्वतःच काढली. ‘लाइफ विथ ग्रँडफादर’ हे त्याचे नाव. १९६५ साली ते प्रसिद्ध झाले. ते वाचताना असे वाटते, की लिहिणारा माणूस मोठा झालाच नसावा.

शाळेतली एक गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. वर्गात एक गुरुजी डुलक्या घेत होते. छोट्या शंकरने त्यांचे तसेच चित्र काढले. चित्र हुबेहूब होते, म्हणूनच पंचाईत झाली. मुख्याध्यापक रागावले. पण घरी काकांनी ते चित्र पाहिले आणि त्यांना ते फार आवडले. त्यांनी मुलाला चित्रे काढायला उत्तेजन दिले. मुख्याध्यापकांचे चुकले असे मला म्हणवत नाही, शाळेला शिस्त लागतेच. पण त्या दिवशी घरीही मारच मिळाला असता, तर देश एका चित्रकाराला मुकला असता.

तिरुवनंतपुरमच्या महाराजांच्या कॉलेजातून शंकर विज्ञानाचे पदवीधर झाले. १९२७ साली ते कायद्याचा अभ्यास करण्यासाठी मुंबईला आले. मुंबई त्यांना नवी होती, इथली भाषाही नवी होती. कायद्याच्या पुस्तकांत त्यांचे मन रमले नाही आणि वर्षभरात त्यांनी तो अभ्यास सोडला. पोटासाठी नोकरी करणे भाग होते. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही भारतीयांनी काढलेली जहाज कंपनी होती. तिचे एक संस्थापक नरोत्तम मोरारजी यांचे ते खासगी चिटणीस झाले. दिवसा पत्रव्यवहार सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात चित्रे काढायची, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

तो काळ स्वातंत्र्याच्या चळवळीचा होता. मुंबईत सभा होत, मिरवणुका निघत, लाठीमार होई. वर्तमानपत्रे हातोहात खपत. ‘फ्री प्रेस जर्नल’ आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या मुंबईच्या पत्रांत शंकर यांची व्यंगचित्रे छापून येऊ लागली. चार ओळींत जे सांगता येत नाही, ते चार रेघांत सांगता येते, हे त्यांना मुंबईने शिकवले. आपल्या शहराचे त्यांच्यावर एवढे ऋण आहे.

१९३२ साली दिल्लीच्या ‘हिंदुस्थान टाइम्स’ या पत्राने त्यांना व्यंगचित्रकार म्हणून नेमले. बिऱ्हाड दिल्लीला हलले, ते कायमचेच. तिथे त्यांनी १९४६ पर्यंत काम केले. राज्य इंग्रजांचे होते. व्हाइसरॉयला हसण्याचे धैर्य फार थोड्यांना होई. शंकर रोज हसत आणि लोकांना हसवत. गंमत अशी, की ज्यांना ते हसत त्यांतल्या काहींना ती चित्रे आवडत. मधल्या काळात शंकर इंग्लंडला जाऊन आले आणि तिथे त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षणही घेतले.

देश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ साली, त्यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याचे नाव ‘शंकर्स वीकली’. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. त्या वेळी नेहरूंनी शंकरना सांगितले, की माझीही गय करू नका. शंकर यांनी हा शब्द पुरेपूर पाळला. नेहरू त्यांचे मित्र होते, तरी शेकडो चित्रांत त्यांनी नेहरूंची फिरकी घेतली. या साप्ताहिकाच्या कचेरीत पुढे नावारूपाला आलेले कितीतरी व्यंगचित्रकार तयार झाले. अबू अब्राहम, कुट्टी, रंगा, ओ. व्ही. विजयन ही त्यांतली काही नावे.

आता आपण मुलांच्या गोष्टीकडे येऊ.

१९४९ साली शंकर यांनी आपल्या साप्ताहिकातर्फे मुलांसाठी चित्रांची आणि लेखनाची स्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षापासून तीत परदेशांतली मुलेही भाग घेऊ लागली. राजकारणावर तिखट चित्रे काढणारा संपादक टेबलावर मुलांनी रंगवलेल्या चित्रांचा ढीग घेऊन बसे. कुठे तीन पायांची गाय, कुठे घरापेक्षा मोठी मांजर. शंकर यांना मुलांच्या अशा चित्रांत खोट दिसत नसे.

याच सुमारास, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, हंगेरी देशाच्या राजदूतांनी शंकर यांना एक बाहुली भेट दिली. तिने आपल्या देशाचा पारंपरिक पोशाख घातला होता. शंकर तिच्याकडे पाहतच राहिले. तेव्हा त्यांची पन्नाशी आली होती. त्या वयात माणसे बाहुल्यांकडे वळूनही पाहत नाहीत. पण शंकर यांच्या मनात विचार आला, की हंगेरीला न जाता हंगेरीची माणसे कशी दिसतात हे या बाहुलीने मला दाखवले. मग साऱ्या जगाच्या बाहुल्या एकत्र केल्या तर? आपल्या देशातली किती मुले परदेशी जाऊ शकणार? त्यांना जग पाहायला मिळाले नाही, तरी जगातली माणसे पाहायला मिळतील.

पत्रकार म्हणून त्यांना पंतप्रधानांबरोबर परदेश दौऱ्यांवर जायला मिळे. जिथे जात तिथून ते बाहुल्या घेऊन येत. शोभेच्या, चकचकीत बाहुल्या त्यांना नको होत्या. त्या देशातले लोक जसे कपडे घालतात, जसे केस बांधतात, जसे दागिने लेतात, तशीच बाहुली हवी, हा त्यांचा आग्रह होता. असे करता करता घरात सुमारे पाचशे बाहुल्या जमल्या.

एवढ्या बाहुल्या कपाटात ठेवून काय उपयोग? मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन गावोगाव भरे, त्यात शंकर बाहुल्याही मांडू लागले. मुलांची झुंबड उडे. पण प्रत्येक गावी पेट्या उघडायच्या, बाहुल्या मांडायच्या, पुन्हा भुशात नाहीतर कागदात गुंडाळून बंद करायच्या. प्रवासात कुणाचा हात मोडे, कुणाची टोपी फाटे, कुणाचा रंग उडे. ज्यांच्यासाठी बाहुल्या आणल्या, त्यांना दाखवायला नेले की त्या मोडतात, आणि मोडू नयेत म्हणून घरी ठेवल्या तर मुलांना दिसत नाहीत. शंकर यांना हे फार लागले.

एकदा दिल्लीतल्या अशाच प्रदर्शनाला नेहरू आणि त्यांच्या कन्या इंदिरा गांधी आल्या. शंकर यांनी आपली अडचण त्यांना सांगितली. बाहुल्यांना कायमचे घर हवे, अशी सूचना इंदिराबाईंनी केली. ती सर्वांना पटली.

घर बांधायला जागा हवी होती, पैसा हवा होता. पण त्याआधी शंकर यांनी आणखी एक काम हाती घेतले होते, ते सांगितले पाहिजे. त्या काळी आपल्या देशात मुलांसाठी इंग्रजीत जी सुंदर, रंगीत पुस्तके मिळत, ती बहुतेक इंग्लंडहून येत. त्यांत बर्फ असे, सफरचंदाच्या बागा असत, सोनेरी केसांच्या मुली असत. आंबा, बैलगाडी, पावसाळा, हत्ती, आजीची गोष्ट असे काही नसे. शिवाय ती पुस्तके महाग होती. म्हणून १९५७ साली शंकर यांनी ‘चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. भारतीय लेखकांनी लिहिलेली, भारतीय चित्रकारांनी चित्रे काढलेली, चांगल्या कागदावर छापलेली आणि तरीही स्वस्त पुस्तके काढायची, असे तिचे धोरण होते. छपाई मनासारखी व्हावी म्हणून संस्थेने स्वतःचा छापखाना घातला. शंकर स्वतः गोष्टी लिहू लागले. सुजाता नावाच्या मुलीची आणि रानटी हत्तीची त्यांची गोष्ट कितीतरी मुलांनी वाचली. हत्ती त्यांच्या पुस्तकांत वारंवार येतात. कायंकुलमचे ते दिवस त्यांच्या मनातून गेले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

दिल्लीत ‘नेहरू हाऊस’ ही इमारत उभी राहिली. ती ज्या रस्त्यावर आहे, त्याला शेवटचे मोगल बादशहा आणि उर्दूचे कवी बहादुरशहा जफर यांचे नाव दिलेले आहे. या इमारतीतच ३० नोव्हेंबर १९६५ रोजी ‘शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम’ सुरू झाले. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्याचे उद्घाटन केले. आरंभी तिथे सुमारे एक हजार बाहुल्या होत्या. पुढे त्यांची संख्या सहा हजारांच्या वर गेली आणि सुमारे पंच्याऐंशी देशांच्या बाहुल्या तिथे नांदू लागल्या. पुस्तके छापणारी संस्था आणि बाहुल्यांचे संग्रहालय एकाच छपराखाली आले. १९६७ साली तिथे मुलांसाठी वाचनालयही उघडले. त्याला डॉ. बिधनचंद्र रॉय यांचे नाव दिले. म्हणजे मूल आधी काचेच्या कपाटातली बाहुली पाही आणि जिना चढून किंवा उतरून पुस्तकाकडे जाई. दिल्लीतल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या शाळेच्या सहलीत इथे येऊन गेल्या. त्यांतले अनेक जण पुढे आपल्या मुलांचा हात धरून पुन्हा आले.

या संग्रहालयातल्या काही बाहुल्यांची ओळख करून घेऊ. इंग्लंडच्या राणीच्या पोशाखातल्या बाहुल्या आहेत. स्पेनच्या नाचणाऱ्या बाहुल्या आहेत. थायलंडच्या वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. श्रीलंकेतल्या कँडी गावची मिरवणूक आहे. मला सर्वांत वेधक वाटतात त्या जपानच्या बाहुल्या. जपानमध्ये ३ मार्चला मुलींचा सण असतो. त्या दिवशी घरात लाल कापड घातलेल्या पायऱ्या मांडतात. सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, त्यांच्याखाली दासी, त्यांच्याखाली वाजंत्री, अशा बाहुल्या बसवतात. त्यांचे कपडे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जपानी दरबारातले असतात. ५ मे हा मुलग्यांचा सण म्हणून पाळला जाई. त्याला चिलखत घातलेल्या, शिरस्त्राण ल्यालेल्या योद्ध्यांच्या बाहुल्या मांडण्याची रीत आहे. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरही वर महाराज आणि खाली मावळे असतात. तमिळनाडूत नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात. इतक्या दूरच्या लोकांना मुलांसाठी एकाच तऱ्हेची मांडणी सुचावी, याचे नवल वाटते.

परदेशांतून बाहुल्या भेट म्हणून येत. त्यांना परत काय द्यायचे? भारताच्या म्हणाव्यात अशा बाहुल्या हव्यात. म्हणून शंकर यांनी संग्रहालयाला जोडून बाहुल्यांचा कारखाना काढला. कारखाना म्हटले तरी तिथे यंत्रांचा खडखडाट नव्हता. सारे काम हाताचे होते. भारताच्या निरनिराळ्या प्रदेशांतले स्त्रीपुरुष, नवऱ्यामुली, नर्तक यांच्या सुमारे दीडशे प्रकारच्या बाहुल्या तिथे तयार होऊ लागल्या. प्रत्येक बाहुली करण्याआधी त्या प्रदेशातल्या लोकांची चेहरेपट्टी, कपडे आणि दागिने यांचा अभ्यास होई.

हे काम दिसते तितके सोपे नाही. साध्या नऊवारी लुगड्याचेच पाहा. मराठी बाई लुगडे नेसते तेव्हा त्याचा कासोटा मागे खोचते. वीतभर उंचीच्या बाहुलीला जाड कापड चालत नाही. ते फुगते आणि बाहुली गाठोड्यासारखी दिसते. पातळ कापड घ्यावे तर त्याच्या निऱ्या नीट बसत नाहीत. काठही तेवढाच अरुंद हवा, नाहीतर अर्धे लुगडे काठातच जाईल. नथ तांदळाच्या दाण्याएवढी करायची आणि तरी ती नथच दिसली पाहिजे. काश्मीरच्या बाहुलीला फिरन, पंजाबच्या बाहुलीला सलवार, राजस्थानच्या बाहुलीला घेरदार घागरा, या प्रत्येकाची अडचण वेगळी. केरळच्या कथकली नर्तकाचा तर चेहरा रंगवायलाच खऱ्या नर्तकाला काही तास लागतात. त्याच्या बाहुल्या हे या संग्रहालयाचे एक मोठे आकर्षण आहे. शंकर यांच्या गावाकडची कला ती, तिच्यात कसर कशी राहील?

१९८० साली पोलंडमधल्या क्राकूव शहरात बाहुल्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्यात या कारखान्याच्या बाहुल्यांना पहिले बक्षीस म्हणून सोन्याचे मोरपीस मिळाले.

आपल्या महाराष्ट्रातही एका गृहस्थांनी जवळजवळ त्याच काळात असेच वेड घेतले होते. पुण्याचे दिनकर केळकर हे चष्म्यांचे व्यापारी आणि कवी. जुनी माणसे घरात वापरत त्या वस्तू ते खेड्यापाड्यांतून जमवत. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, भांडी असे काय काय त्यांनी गोळा केले. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी आपल्या संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याला गेलात तर ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ अवश्य पाहा.

शंकर यांच्याकडे परत येऊ. मुलांचे काम वाढत होते. १९६८ साली त्यांनी ‘चिल्ड्रन्स वर्ल्ड’ हे मुलांचे मासिक सुरू केले. इकडे साप्ताहिक चालूच होते. मग १९७५ साल उजाडले. त्या वर्षी २५ जूनला देशात आणीबाणी जाहीर झाली. वर्तमानपत्रांवर बंधने आली. काय छापावे आणि काय छापू नये, हे सरकार ठरवू लागले. पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. बाहुल्यांना कायमचे घर असावे हे ज्यांनी सुचवले होते, त्याच या इंदिराबाई. जे व्यंगचित्रकार व्हाइसरॉयला हसले, नेहरूंना हसले, त्यांनी आता काय करायचे? ३१ ऑगस्ट १९७५ च्या अंकानंतर ‘शंकर्स वीकली’ बंद झाले. वाचकांचा निरोप घेताना शंकर यांनी लिहिले, की हुकूमशहांना लोकांचे हसणे परवडत नाही. सत्तावीस वर्षे चालवलेले पत्र त्यांनी मिटले आणि त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस मुलांच्या पुस्तकांत आणि बाहुल्यांत पुन्हा कामाला लागला. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, सरकारने त्यांना पद्मविभूषण ही पदवी दिली. १९५६ साली पद्मश्री आणि १९६६ साली पद्मभूषण या पदव्या त्यांना आधीच मिळाल्या होत्या. देवाणघेवाणीचा हा हिशेब मोठा विचित्र आहे. तो मोठ्या माणसांनी सोडवावा.

१९७८ साली त्यांच्या संस्थेने मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांची स्पर्धा सुरू केली. आपल्याकडे मुलांसाठी लिहिणे हे हलके काम समजले जाई. बक्षिसे देऊन ते काम थोडे वजनदार करावे, असा त्यांचा हेतू असावा.

सरकारी पदव्यांपेक्षा वेगळा असा एक मान त्यांना १९७७ साली मिळाला. पोलंडमध्ये ‘स्मितहास्याचे पदक’ नावाचा एक सन्मान आहे. तो कुणाला द्यायचा हे मुले सुचवतात. मुलांना आनंद देणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच तो आहे. त्याचा एक मजेदार रिवाज आहे. पदक घेणाऱ्याने लिंबाचा आंबट रस प्यायचा आणि तोंड वाकडे न करता हसायचे! दुसऱ्यांची तोंडे वाकडी काढण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या शंकरना हे पदक मिळावे, यात केवढी मौज आहे.

२६ डिसेंबर १९८९ रोजी दिल्लीत शंकर यांचे निधन झाले. त्या वेळी ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. १९९१ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या व्यंगचित्रांची दोन तिकिटे काढली. त्यांनी सुरू केलेली मुलांची स्पर्धा त्यांच्यामागेही चालू राहिली. सोळा वर्षांच्या आतल्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला तीत भाग घेता येई. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बक्षीस मिळालेली मुले आता आजीआजोबा झाली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनी आपले बक्षिसाचे चित्र छापलेला अंक अजून जपून ठेवला असेल.